पाच पानं की सात

गोदूबाईच्या हातचा डोळा सहसा मरत नसे. राहनाळच्या रस्त्याला लागून तिच्या नवऱ्याची, चांगदेवाची नर्सरी होती. तिथून रोपं नेणारी माणसं चांगदेवाला रामराम करत, पण रोप निवडताना विचारत, "बाईंच्या हातचं हाय ना?"

डोळा म्हणजे गुलाबाचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. आधी पिशवीत रानगुलाब वाढवायचा. त्याला खुंट म्हणतात. खुंट चिवट, वाटेल त्या मातीत तग धरणारा, पण आपल्याकडच्या हवेत फुलाच्या नावानं शून्य. त्याच्या सालीला चाकूनं चीर द्यायची. मग चांगल्या गुलाबाच्या काडीवरचा तांदळाएवढा कोंब सालीसकट अलगद उचलायचा, त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. हे झालं डोळा भरणं. तीन आठवड्यांनी पट्टी सोडली आणि डोळा हिरवा दिसला की जीव भांड्यात पडतो. काळा दिसला की गेला.

चांगदेव माती कालवायचा, पिशव्या भरायचा, नव्या गोदामांच्या फाटकांवर झाडं पोचवायचा. डोळे भरायची ती गोदूबाई. हिरव्या जाळीखाली गोणपाटावर बसायची, दिवसाला दोनशे डोळे. हात चाकूवर आणि तोंडात आदल्या कीर्तनातलं चरण घोळत असायचं.

"देवाला डोळे दोन," चांगदेव चिडवायचा, "आणि तू रोज दोनशे भरतेस."

"म्हणून तर त्याचं माझ्याकडं ध्यान हाय," ती म्हणायची. "तुमी तिकडं शेणखत बगा."

कीर्तनाचं तिला विलक्षण वेड. गावच्या सप्ताहात मांडवाच्या तिसऱ्या खांबाला टेकून बसायची, ती जागा तिचीच. काल्याच्या दिवशी बुवांच्या गळ्यात जो हार पडायचा, त्याच्या मधोमध एक गुलाबी गावठी गुलाब असायचा. तो तिच्या माहेरचा, अकलोलीचा. पाकळ्या विरळ, दिसायला साधा, पण वास असा की बुवा बोलता बोलता एकदा थांबून मान खाली करायचे. गोदूबाईला तेवढ्यानं वर्षभर पुरायचं.

त्या वर्षी पौषात तिचा भाऊ अनंता आला तो ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक काडी घेऊन. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्या माणसांसाठी त्यानं दोन खोल्या काढल्या होत्या. पाया खणताना त्या गावठी गुलाबाचं झुडूप मुळासकट निघालं होतं.

"आक्का, एवढीच हिरवी मिळाली," तो खाली मान घालून म्हणाला.

गोदूबाई रागावली नाही. तिनं काडी कपाळाला लावली आणि तिथंच बसून नऊ खुंटांवर नऊ डोळे भरले. त्या गुलाबाचं जगात आता एवढंच उरलं होतं. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या तर आठ काळे. नववा हिरवा. त्या एका रोपाला तिनं शेजारच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यातला निळा धागा बांधला आणि पिशवी भिंतीच्या कडेला सावलीत ठेवली.

"या चैत्रात काल्याला हेचंच फूल," ती म्हणाली. "आता खालून खुंटाचा रानफुटवा आला की लगोलग खुडायचा. पानं मोजायची. एका देठाला पाच असली तर आपला गुलाब. सात असली तर रान. रान वाढलं की डोळा उपाशी मरतो."

"मला शिकवतेस?" चांगदेव हसला.

चौथ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. ठाण्याच्या दवाखान्यात नेलं.

चांगदेव तिथून हललाच नाही. कशेळीच्या पुलावर वाहनं अशी अडकत की नर्सरीत जाऊन परत यायचं म्हणजे अर्धा दिवस जायचा, आणि अर्ध्या दिवसात काय होईल याची त्याला धास्ती. कामाला येणारी हौसा बाळंतीण लेकीकडे गेलेली. पाण्याची जबाबदारी घेतली यूनुसनं. यूनुस म्हणजे भिंतीपलीकडच्या लूमचा मालक, तीस वर्षांचा शेजार. ईदला शीरखुर्मा इकडे, दिवाळीला करंज्या तिकडे. "तू भाभीकडे बघ," तो म्हणाला, "झाडांना मी पाणी पाजतो. मशीन सांभाळतो, तर झाड काय चीज हाय!"

पंधरा दिवस गेले. गोदूबाईच्या नाकात नळी, बोलायला दम पुरत नव्हता, पण रोज एकच प्रश्न.

"फुटला का?"

शेवटी चांगदेव दवाखान्याच्या दाराशी गेला आणि रुपयाच्या लाल डब्यावरून यूनुसच्या कारखान्यात फोन लावला. मागं लूमची खटखट चाललेली.

"यूनुस, तो निळ्या धाग्याचा गुलाब. फुटला का रे?"

"फुटला म्हणजे काय!" यूनुस ओरडून बोलत होता. "जबरदस्त फुटलाय! माझ्या गुडघ्याच्या वर आलाय. वाकायला लागला तर मी काठी लावली."

पंधरा दिवसांत डोळा एवढा वाढत नाही.

"एक काम कर. एका देठाला पानं किती हायत, मोजून सांग."

यूनुस जाऊन आला. "सात. पक्के सात. दो बार गिने."

"आणि... धाग्याजवळ काय हाय?"

"तिथं काही तरी काळं, सुकलेलं चिकटलं होतं. कचरा वाटला. मी नखानं खरवडून साफ करून टाकलं. भाभीला बोल, एकदम साफ ठेवलंय."

लाल डबा पीक-पीक करू लागला आणि फोन कटला. चांगदेव रिसीव्हर कानाला तसाच धरून उभा. मागचा माणूस म्हणाला, "काका, झालं असेल तर द्या ना." तेव्हा त्यानं तो ठेवला.

चांगदेवाच्या गळ्यात वयाच्या बाविसाव्या वर्षापासून तुळशीची माळ. गिऱ्हाईक तोंडावर हसलं तरी तो सांगायचा, हे रोप कमजोर हाय, नेऊ नका. खोटं बोलायची जीभच नव्हती त्याला. जिन्याच्या पायऱ्या चढताना त्यानं माळेला हात लावला आणि मग तो हात खिशात घातला.

गोदूबाई दाराकडेच बघत होती.

"फुटला," तो म्हणाला.

"पानं?"

आता बघा, एवढाच क्षण. बाहेर दुपारचं ऊन, खिडकीत एक कावळा, शेजारच्या खाटेवरची बाई संत्रं सोलत होती. आणि गोदूबाईचे ते दोन डोळे त्याच्या तोंडावर.

"पाच," चांगदेव म्हणाला.

तिनं पापण्या मिटल्या. मांडवात बुवांनी चाल धरली की जशी मिटायची तशा. "मग चैत्राला धरंल फूल," ती पुटपुटली. "हारात मधी घाला. बाजूला नको. मधी."

"मधीच घालतो."

दोन दिवसांनी सकाळच्या प्रहरी ती गेली.

तेराव्यापर्यंत चांगदेव नर्सरीत गेला नाही. चौदाव्या दिवशी गेला तर यूनुस फाटकातच उभा. त्यानं चांगदेवाला मिठी मारली, बराच वेळ सोडलं नाही, मग हाताला धरून भिंतीकडे नेलं.

"हे बघ. भाभी गेली, पण ही तिची निशानी. मी एक दिवस पाणी चुकवलं नाय."

रानगुलाब कमरेपर्यंत आलेला. चांगली सरळ काठी, तिला जागोजागी निळ्या धाग्याच्या गाठी. खाली खुंटावर गोदूबाईच्या चाकूची चीर होती, आत काही नव्हतं. नखानं पुसून लख्ख केलेली.

यूनुस त्याच्या तोंडाकडे बघत होता. कौतुकाची वाट बघत होता बिचारा.

"छान वाढवलंस," चांगदेव म्हणाला.

दुसरं खोटं पहिल्याइतकं जड गेलं नाही, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

पुढं यूनुस रोज नमाज आटपून भिंतीशी यायचा. "फूल कधी?" विचारायचा. चांगदेव म्हणायचा, "येईल." कारखान्यात यूनुसनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, भाभीचं झाड मी वाचवलं. त्याची बायको हबीबासुद्धा येऊन त्या झाडावरून हात फिरवून गेली.

सप्ताहाला चार दिवस उरले. हौसा परत कामाला लागली होती. ती जाळीखाली बसून रोपांच्या बुडाचे कोंब खटाखट खुडत होती. यूनुस पाण्याची नळी सोडून थांबला.

"अगं हौसा, पागल झालीस काय? एवढे तगडे कोंब तोडतेस?"

"रान हाय ते भाई. मोजा ना पानं. सात. हे ठेवलं तर वरचा डोळा मेलाच समजा."

यूनुस चालत भिंतीपाशी गेला, खाली बसला आणि बोटानं मोजू लागला. एका देठाची, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. हौसा बघत होती. तिनं हातातला कोंब हळूच गोणपाटाखाली सरकवला.

चांगदेव मातीच्या ढिगाशी पिशव्या भरत होता. यूनुस येऊन त्याच्या शेजारी मातीतच बसला.

"सात," तो म्हणाला.

चांगदेव पिशवी भरत राहिला.

"मी फोनवर सातच बोललो होतो. तुला तेव्हाच कळलं."

"हं."

"मग मला शिवी का नाय दिलीस? एक तरी दे ना! अडीच महिने मी त्याला काठ्या लावतोय, लोकांना दाखवतोय, आणि तू 'छान वाढवलंस' बोलतोस?"

"पाणी घालायला सांगितलं, तू घातलंस. खुडायचं माझं काम होतं. तुला सांगितलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम. मला सुचलं न्हाय. माझ्या ध्यानात फक्त ती नळी होती नाकातली."

"आणि ते काळं होतं ते..." यूनुसनं उजव्या हाताचा अंगठा पुढं केला. नखाकडे बघत राहिला.

"ते आधीच मेलेलं होतं, यूनुस."

"खरं बोलतोस?"

चांगदेवानं पुढची पिशवी ओढली. आपल्या बोलण्यावर कुणाला असं विचारावं लागेल, ही वेळ त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली होती.

"भाभीला काय सांगितलंस?"

"पाच."

यूनुसनं गुडघ्यावरची माती झटकली. मग म्हणाला, "बरं केलंस, असं नाय बोलवत मला. पण मी पण पाचच बोललो असतो." आणि उठता उठता त्यानं अंगठा मुठीत दाबून धरला, जसा पुढं कित्येक दिवस धरायचा.

काल्याचा दिवस आला. हार चांगदेवानंच गुंफला. मोगरा, तुळस, बाजारातले लाल गुलाब. मधोमध बोटभर जागा मोकळी ठेवली, नुसता दोरा. कुणी म्हणालं, दुसरं फूल घाल की. त्यानं मान हलवली.

बुवांच्या गळ्यात हार घालताना त्यांनी ती जागा पाहिली. दरवर्षीची सवय, मान आपोआप खाली झुकली. वास नव्हता. त्यांनी चांगदेवाकडे पाहिलं.

"यायचं हाय ते फूल?"

आणखी एक खोटं ओठावर आलं होतं. मांडव भरलेला, मृदंग लागलेला, तिसऱ्या खांबापाशी बायकांनी एका माणसाची जागा तशीच मोकळी सोडलेली. मांडवाच्या कडेला, चपला काढून, यूनुस उभा होता.

"न्हाय बुवा," चांगदेव म्हणाला. "आता न्हाय यायचं."

बुवांनी त्याला छातीशी धरलं आणि हार तसाच, मधे रिकामा, गळ्यात ठेवून कीर्तनाला उभे राहिले. टाळ उसळले. पाच-सहाशे माणसं एका आवाजात नाव घेऊ लागली. चांगदेव त्या खांबापाशी जाऊन मोकळ्या जागेशेजारी बसला, आणि त्या गजरात, कुणालाच ऐकू जाणार नाही अशा बेतानं, तो बाजूला तोंड करून म्हणाला,

"सात होती गं गोदू. सात."