डावीकडे झुकलेले दात

दस्तगीरचाचा डावरे होते. औषधाच्या बाटलीवर डोस दाखवायला कागदाची पट्टी चिकटवतात ना, ती ते कापत तेव्हा तिचे दात सगळे डावीकडे झुकायचे. अंथुर्ण्याच्या आमच्या दवाखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी कंपाउंडरकी केली आणि यंदा पौषात गेले. माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं त्यांच्या पाठीमागं उभं राहून शिकले.

"शमे, आदी बाटलीवरचा टक्का मोठ्यानं वाच, मग हात लाव," म्हणायचे. मी वाचला की "व्हय" म्हणायचे, आणि मगच ओतायचं.

ते गेल्यावर रिकाम्या खोलीत मोठ्यानं वाचायची मला लाज वाटू लागली. आणि गरज तरी काय होती? झटक्यांचं औषध पाच टक्क्यांचं यायचं. वीस मिली घेऊन पाण्यानं शंभरपर्यंत भरलं की एक टक्क्याचं व्हायचं. मोजायच्या काचेवर वीसच्या रेघेला चाचांनीच पट्टी डकवलेली होती. मी पट्टीपर्यंत ओतायचे, झालं.

सोमवारी सकाळी ती पट्टी दहावर होती.

धुताना सरकली असेल, असं समजून मी ती नखानं खरवडली आणि पुन्हा वीसवर डकवली. मग वरकुट्याच्या छबूबाईंच्या नातीसाठी, तीन वर्षांच्या प्रगतीसाठी, औषध बनवलं. बाटलीच्या पट्टीला दहा दात पाडले, उजव्या हातानं, सरळ. दुपारी छबूबाई बाटली घेऊन गेल्या. एका वेळी एक दात औषध द्या, असं दोनदा सांगितलं. तेवढं मी नेहमी सांगते, त्यात माझं मन स्वच्छ.

मंगळवारी कुलूप मीच उघडलं, किल्ली माझ्याकडंच असते. पट्टी पुन्हा दहावर. बोट लावलं तर डिंक ओला.

खोलीत कुणाचा तरी आवाज हवा म्हणून समोरची औषधाची मोठी बाटली उचलली आणि मोठ्यानं वाचलं, "दहा टक्के."

औषधाचं या वेळचं खोकं नव्या कंपनीचं होतं, आणि कालही मी याच बाटलीतून ओतलं होतं. दहा गुणिले वीस, दोनशे. भागिले शंभर, दोन. मी पोरीला दुप्पट औषध दिलं होतं. तेही झोप आणणारं. कालच्या संध्याकाळपासून दोन डोस गेले असणार. असं पोरगं झोपलं की उठेलच, असं कुणी सांगावं?

डॉक्टर बारामतीला गेले होते. फोनवर म्हणाले, पोरीला आधी जागी करून बघा, मी निघतोच. छबूबाई फोन उचलेनात. वरकुट्यापर्यंत स्कूटी कशी चालवली, ते विचारू नका.

छबूबाई अंगणात पेरूचे क्रेट भरत होत्या. प्रगती कोंबडीच्या मागं पळत होती, नाकातून शेंबूड, पायात एकच चप्पल. मी तिथंच खाली बसले. मग विचारलं, औषध किती दिलं.

"तू म्हणालीस तसंच. काल सांजच्याला एक दात, आज सकाळी एक." छबूबाईंनी आतून बाटली आणली. "पर किती बारीक पाडल्यात गं. चष्मा लावून द्यावं लागतंय. आन् दस्तगीरभाईसारकं वाकडं शिकलीस व्हय?"

मी दात मोजले. वीस होते. सगळे डावीकडे झुकलेले. म्हणजे एका दाताला निम्मंच औषध, पोरीच्या पोटात गेलं ते बरोबर मापाचं.

माझी चूक मी त्यांना सांगितली. दातांचं मात्र सांगितलं नाही, ते डॉक्टरांनाही नाही. डॉक्टरांनी पोरीला तपासलं, बरी आहे म्हणाले, आणि मला जे बोलायचं ते बोलले. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. ती बाटली ओतून टाकून मी नवी बनवून दिली.

काचेवरची पट्टी मात्र मी काढून टाकली. आता रोज टक्का मोठ्यानं वाचते, आकडेमोड कागदावर करते. वाचून झाल्यावर जरा थांबते, लगेच ओतत नाही. अजून तरी कुणी "व्हय" म्हटलेलं नाही. म्हटलं, तर पळून जाईन की "चाचा, बसा" म्हणेन, ते मलाही ठाऊक नाही.