तिरिलच्या खोलीतली हवा

खाजवून खरूज काढावी ती माझ्यासारखीनेच. पण नात माझी, तिची छाती नाजूक, मग मी गप्प बसणार होते का?

तिरिल दिवस भरायच्या आधीच जन्मली. माझ्या मुलाचं, सिंद्रचं, समुद्राकाठचं घर ओल धरलेलं. तिथे पोरगी खोकून खोकून निळी पडायची. सिंद्र हिवाळाभर बोटीवर असणार, म्हणून सून इंगविल आणि बाळ दोघी माझ्याकडे ट्रॉनहाइमला यायच्या होत्या. त्यांच्यासाठी मी वरची कोपऱ्यातली खोली काढून ठेवली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळाला स्वच्छ हवा मिळू दे." अहो, मिळू दे म्हणणं सोपं आहे. हवा स्वच्छ आहे की नाही, ते डोळ्यांना थोडंच दिसतं?

म्हणून मी मायक्रोकंट्रोलरचं, म्हणजे घरी जोडायच्या इवल्या संगणकाचं, किट मागवलं. आयुष्यभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये तारा जोडल्यात मी, हात अजून शिवशिवतात. काडेपेटीएवढा मुख्य बोर्ड, त्याला टिचकीसरशी जोडायचे छोटे बोर्ड. एक तापमानाचा, एक ओलीचा आणि एक कार्बन डायऑक्साइडचा, म्हणजे आपण श्वासातून जे बाहेर टाकतो त्याचा. पहिला दिवा लुकलुकला तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. आकडा खाली माझ्या टॅबलेटवर दिसेल अशी सोय केली आणि ते सगळं वरच्या खोलीत ठेवून दार लावून घेतलं.

आता त्या श्वासाच्या बोर्डाची एक खोड सांगते. बाहेरची मोकळी हवा म्हणजे दहा लाखांत साधारण चारशेवीस भाग, एवढंच त्याला ठाऊक. मग काही दिवसांत जी सगळ्यात चांगली हवा त्याला मिळेल, तिलाच तो मोकळी हवा समजतो आणि तिथून पुढे मोजतो. म्हणून सूचना असते, रोज खिडकी उघडणाऱ्या खोलीतच ठेवा. आमच्याकडे ही सूचना वाचतो कोण? बर्फ पडत असला तरी आम्ही झोपायच्या खोलीची खिडकी उघडी टाकणारी माणसं. मीही वाचली नाही. पण बाळाला गार झोत नको म्हणून सिंद्रने जाण्याआधी त्या एकाच खिडकीला चहूबाजूंनी चिकटपट्टी मारली होती, हे मी साफ विसरले.

आठवडाभराने पाहिलं तर आकडा चारशेवीसवर बसलेला तो बसलेलाच. मी खूश! इंगविलला फोन केला, "ये गं. डोंगरावरची हवा आहे तुझ्या लेकीसाठी."

त्या आल्या. वॉफल खाऊन झाल्यावर इंगविल, लेकीच्या नात्याने मला आजीच म्हणते ती, म्हणाली, "आजी, तुझं खेळणं दाखव की." मी किट वरून आणलं आणि ऐटीत बाहेर पायरीवर नेलं, की बघ, आत-बाहेर एकच हवा. तर आकडा धडाधड उतरत पार शून्याशी येऊन टेकला.

"अगंबाई! हवाच संपली वाटतं गावातली," इंगविल हसली.

"वायर सैल असेल," मी म्हटलं. वायर सैल नव्हती.

आमच्या तारा-बोर्ड जोडणाऱ्या हौशी मंडळींच्या क्लबात ओदमुंड म्हणून एक आहे, त्याला फोन लावला. तो खिदळायलाच लागला. "बाई, तू त्याला कोंडलेल्या हवेत ठेवलंस. तीच चांगली असं तो शिकला. कुणाच्या झोपायच्या खोलीत होता?"

"रिकाम्या खोलीत."

"मग ती रिकामी नव्हती," असं म्हणून त्याने आणखी मोठ्याने हसून फोन ठेवला. मला हसू आलं नाही.

बोर्ड पायरीवर ठेवून त्याला नव्याने खरी हवा शिकवली. परत वर ठेवला, दार लावलं. भांडी विसळून होईपर्यंत आकडा हजाराच्या वर. धडधाकट माणूस दार लावून झोपला तर चढेल, तसा चढलेला. मी चिकटपट्टी उचकटून खिडकी उघडली, आकडा उतरला. पुन्हा पट्टी लावली, पुन्हा चढला. त्या खोलीत धुराडं नाही, शेगडी नाही, मांजर नाही. घर मी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. तिथे कुणी जन्मलं नाही की मेलं नाही. खोलीच्या मधोमध मी माझाच श्वास धरून उभी राहिले. काही ऐकू आलं नाही. पण मी घाबरले. भुताखेतांवर काडीचा विश्वास नसलेली मी, चांगलीच घाबरले.

तेवढ्यात इंगविल पेंगुळलेल्या तिरिलला खांद्यावर घेऊन जिना चढून आली.

"इथे नको निजवूस."

"का? तूच म्हणालीस ना, डोंगरावरची हवा?"

"इथे कुणीतरी श्वास घेतंय."

तिने तिरिलला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आजी, तारांशी खेळून खेळून तुझंच डोकं शॉर्ट झालंय. असलं काही बोलणार असशील तर आम्ही आपल्या घरी जातो."

"त्या ओलीत? पोरीला मारायचंय का तुला?"

बोलू नये ते बोलून गेले. तिचे डोळे भरले, माझेही. शेवटी मीच पडतं घेतलं. "हे बघ, आत्ता बाबागाडीत बाहेर निजव. इथे थंडीतही सगळ्यांचीच पोरं दिवसा बाहेर झोपतात. रात्रीचं रात्री बघू."

हे तिला पटलं. लोकरीचे कपडे, खाली मेंढीचं कातडं, वर दुलई. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर अंगणात गाडी उभी केली. बाहेर कडक थंडी, पण वारा नाही. आभाळभर हवा होती पोरीला. माझा जीव जरा भांड्यात पडला.

आत येऊन कॉफी ओतली. टॅबलेटकडे पाहिलं तर आकडा उतरत होता. वरचं दार बंद, पट्टी लावलेली, तरी हळूहळू उतरत होता. खोलीत आता कुणी श्वास घेत नसल्यासारखा.

"गेली ब्याद!" मी ओरडले. "इंगविल, बघ, गेली!"

"गेली तर गेली. कुठे गेली म्हणे?" ती टोस्टवर चीज ठेवत म्हणाली.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. गाडीच्या टपाखालून श्वासाची वाफ येत होती. बाळाची, इवली इवली, भराभर. आणि तिच्या शेजारून दुसरी एक. जाड, लांबलचक, मोठ्या माणसाची, सावकाश.

इंगविलनेही पाहिलं. तिच्या हातातून सुरी पडली. दोघी अनवाणीच धावलो. तिने तिरिलला दुलईसकट उचललं आणि उराशी धरलं. पोरगी गाढ झोपेत, गाल गरम. गाडीत नुसतं कातडं उरलं होतं, आणि टपाखालून ती लांब वाफ येतच होती. मग तीही थांबली.

आम्ही बर्फात उभ्या. पाय जळत होते, पण आत जायला पाऊल उचलेना. इंगविल माझ्या तोंडाकडे बघत होती, घरात सगळ्यात शहाणी मीच असल्यासारखी.

"आजी," ती अगदी हळू म्हणाली, "आता हिला कुठे निजवू?"