उंदीरखाऊ शावाला निरोप

जेरेसाहेबांनी म्वेल्वाच्या हातात टाइप केलेला कागद दिला. चर्चच्या अंगणात योबे शावाची शवपेटी झेंड्याखाली ठेवली होती. बँडवाले वाद्यं पुसत होते.

"तीन मिनिटं, मावशी. लिहिलंय तेवढंच वाचायचं. थट्टामस्करी नको. राजधानीतून माणसं आलीत."

"तुम्ही जेरे. म्हणजे न्गोनीच ना?"

"आज मी सरकारी अधिकारी आहे."

म्वेल्वा पिशवीत चष्मा शोधू लागली. ती बेंबा, शावा न्गोनी. पणज्यांच्या काळी या दोन जमाती एकमेकींशी लढल्या होत्या. पुढे त्यांच्यात थट्टेचं नातं जुळलं. एकाने वाटेल ते बोलावं, दुसऱ्याने राग मानू नये. मेलेल्याला तर बोलून घ्यायलाच हवं. बेंबाच्या शिव्यांशिवाय न्गोनीला पुरणं म्हणजे बेवारस पुरणं. गेल्या पावसाळ्यात, दम्याने धाप लागलेली असतानाही शावाने तिच्याकडून वचन घेतलं होतं, "मी आधी गेलो तर रडत बसू नकोस. माझी अब्रू काढ."

तिने चष्मा लावला. "थोर स्वातंत्र्यसेनानी, निर्भय नेते..." आणि 'निर्भय'पाशीच ती अडखळली.

एकसष्ट साल. ती कासामा गावच्या इस्पितळात शिकाऊ नर्स होती. बाजारातल्या लोकांना गोळा करून शावाने गोऱ्यांनी दिलेल्या ओळखपत्रांची होळी केली आणि पोलीस मागे लागल्यावर तो इस्पितळाच्या मागच्या दाराने आत शिरला. तिने त्याला साथीच्या रोग्यांच्या खोलीत झोपवलं, कोमट चहात थर्मामीटर बुडवून पारा एकशेचारवर आणला, आकडा तक्त्यावर लिहिला. गोऱ्या फौजदाराने दारातूनच तक्ता वाचला आणि नाकाला रुमाल लावून तो परत गेला.

"माझा चहा वाया घालवलास," ही शावाची पहिली तक्रार.

अकरा दिवस तो तिथे होता. तापाच्या तक्त्यांच्या पाठीवर पत्रकं लिहायचा. ती मळक्या चादरींत गुंडाळून म्वेल्वा बाहेर न्यायची. पत्रकांतलं तिला आता फारसं आठवत नव्हतं. मच्छरदाणीत तोंडावर उशी दाबून दोघं किती हसत होती, ते मात्र आठवत होतं. पुढे तो मंत्री झाला, चार वर्षांत मंत्रिपद सोडून इथे टोमॅटो लावायला परतला आणि दर रविवारी तिच्या हातच्या जेवणाला नावं ठेवायला यायचा.

"...देश त्यांचा सदैव ऋणी राहील," ती वाचत होती. कुणी खोकलंसुद्धा नाही. तेवढ्यात पुढच्या रांगेतून शावाची बायको तिसाउके ओरडली, "म्वेल्वा! माझ्या नवऱ्याने तुझं काय वाकडं केलं, म्हणून त्याची स्तुती करतेस गं?"

म्वेल्वाने कागदाची घडी घातली. ती पेटीपाशी गेली आणि गुडघे धरत वाटेतच बसली.

"निर्भय म्हणे! गोऱ्यांना हाकलायला निघालेला हा वीर माझ्या हातातली सुई बघून पलंगाखाली शिरला होता!"

लोकांत हशा पिकला. बँडवालेही हसले.

"पाय धरून ओढला मी याला! आणि आता आमच्याकडचे उंदीर भाजून भाजून संपवलेस, म्हणून निघालास होय रे उंदीरखाऊ? उत्तर दे. त्याशिवाय उचलू देणार नाही."

आणि ती थांबली. पस्तीस वर्षांची सवय. ती बोलायची, मग त्याच्यासाठी जागा सोडायची. तिचं वाक्य संपायच्या आत त्याचं उत्तर तयार असायचं.

हसू विरलं. पेटी उचलायला आलेले सैनिक जेरेसाहेबांकडे बघू लागले. जेरेसाहेबांनी राजधानीच्या पाहुण्यांकडे पाहिलं, मग टोपी काढून काखेत धरली.

"ए माकडखाऊ म्हातारे," ते म्हणाले. आवाज नीट फुटला नाही. "ऊठ आमच्या माणसाच्या वाटेतून. झाडावरची माकडं संपली, म्हणून आता रस्त्यावर शिकारीला बसलीस काय?"

म्वेल्वाने डोक्याला बांधलेल्या कापडाच्या टोकाने डोळे पुसले.

"मोठ्याने बोला," ती म्हणाली. "त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं."

जेरेसाहेब पेटीच्या उजव्या बाजूला गेले आणि अंगण दणाणेल अशा आवाजात त्यांनी ते पुन्हा म्हटलं. मग हात देऊन त्यांनीच तिला उठवलं, आणि सैनिकांनी पेटी खांद्यावर घेतली.