तिसऱ्या खेपेचं उत्तर

किटलीचं झाकण खडखडलं, आणि तुकियेम आजीने, सगळ्यांच्या म्बाहने, थरथरता हात झटकन कमरेला गुंडाळलेल्या बाटिकच्या कापडाच्या घडीत लपवला.

 शेजारच्या विनार्नीने हातातल्या फॉर्मवरचा प्रश्न नुकताच वाचला होता, "स्वयंपाकासाठी तुम्हाला कुणाची मदत लागते का?"

"नको गं पोरी," म्हातारी हसली. "एकटा जीव. त्याला शिजवायचं ते कितीसं?"

विनार्नीने 'लागत नाही'वर खूण केली. आंघोळ, कपडे, पाणी, सगळीकडे तीच खूण. या फॉर्मांवरून गावातल्या सहा म्हाताऱ्यांना मदतनीस मिळणार होती. आठवड्यातून चार दिवस गरम जेवण आणि आंघोळ. यादी उद्या संध्याकाळी जायची. शेजारच्या म्बाहचं नाव त्यात यावं म्हणून तर तिने हे घर मागून घेतलं होतं, आणि आपल्याच हाताने ते नाव खोडत चालली होती.

फॉर्म भरायला शिकवणारा टोगार सुमात्राच्या बाताक लोकांपैकी. एक घाव दोन तुकडे. "प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा, ताई. एकदाच. फिरून विचारलंत की उत्तर तुमचं होतं, त्यांचं राहत नाही." तिला ते पटलंही होतं.

पण जावाच्या या गावात पहिल्या खेपेला होकार देतं कोण? चहा पुढे केला तरी दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घोट घ्यायचा. विनार्नीने नवऱ्यालासुद्धा तिसऱ्या खेपेलाच हो म्हटलं होतं. रीत मोडली होती ती फक्त तिच्या पाच वर्षांच्या लेकीने, गेंडिसने. पहिल्याच हाकेला उकडलेला कंद उचलून ती चटईवर गाल फुगवून बसली होती.

शेवटचा प्रश्न स्वभावाचा होता. "दुसऱ्याकडे मदत मागणं तुम्हाला जमतं का? नेहमी, कधीकधी, कधीच नाही."

"हे माझ्या स्वभावाचं विचारतेस की विचारणाऱ्याच्या?" म्हातारीने डोळे मिचकावले.

विनार्नीने पेन खाली ठेवलं.

"म्बाह, स्वयंपाकाला मदत हवी ना?"

"छे गं! तुझ्यामागे लेकरू आहे, कामं आहेत. माझी कसली काळजी करतेस?"

विनार्नीने घोटभर चहा घेतला, तो ओठांवरच थोडा रेंगाळू दिला, आणि तिसऱ्यांदा, अगदी हळू विचारलं, "म्बाह, हवी का?"

बाटिकच्या घडीतून हात बाहेर आला. गुडघ्यावर पडूनही तो थरथरतच होता.

"भरली किटली उचलवत नाही आता," म्हातारी म्हणाली. "परवापासून भात लावला नाही. आंघोळीला बसलं की उठता येत नाही, म्हणून नुसतं तोंड धुते. तू येणार म्हणून आज पावडर जरा जास्तच थापली."

"तरीच म्हटलं, घरात जाई फुलली कुठे!"

दोघी हसल्या. हसता हसता म्हातारीने डोळे पुसले.

विनार्नीने जुन्या खुणा खोडल्या नाहीत. शेजारी नव्या केल्या आणि तळाशी लिहिलं, 'पहिलं उत्तर मान राखायचं. तिसरं खरं. दोन्ही तिचीच आहेत. शंका असेल तर स्वतः या, तीनदा विचारा.' टोगार चिडला तर चिडला.

तिने फॉर्म कार्यालयात नेऊन थेट त्याच्या हातात दिला. त्याने तळाची ओळ वाचली, कपाळ खाजवलं, पुन्हा वाचली. "उद्या मला तिकडे न्याल?" त्याने विचारलं.

"कंद खायला दिले तर लगेच घेऊ नका," ती म्हणाली.

परतताना गेंडिसने तिचं बोट धरलं. "आई, म्बाह आधी खोटं बोलली?"

"नाही गं. आपल्याला त्रास नको म्हणून बोलली."

"तू पण बाबांना सांगतेस, दमले नाही म्हणून."

"सांगते खरी."

 गेंडिस वर बघत म्हणाली, "तू म्हातारी झालीस आणि मी लांब राहायला गेले, तर तुला तीनदा कोण विचारेल?"