सुरुवातीपासून लावा

पहिली चापट बसली तेव्हा शीलाचा चष्मा की-बोर्डवर पडला. दुसरी बसली तेव्हा तिनं तो उचललाच नाही. अजून एक आली तर निदान काच तरी वाचेल, एवढंच तिच्या मनात आलं. मारणारा रोशन, कोळसा वाहणाऱ्या ठेकेदाराचा पुतण्या. वणीबाहेर वजनकाट्याला लागून ठेकेदाराची कॅमेऱ्यांची कंट्रोल रूम आहे. तिथं या माणसाला काम काहीच नव्हतं, खुर्ची मात्र सगळ्यांत मोठी होती.

आणि मारायचं कारण काय, तर व्हिडिओ अडकत होता.

"मजा येते तिथंच अटकून राह्यलं हे," रोशन म्हणाला. "नीट चालव."

व्हिडिओ कसला, तेही सांगून टाकतो. शीलाचा धाकटा भाऊ भारत याच ठेकेदाराच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. खाणीतला चांगला कोळसा वाटेत उतरवायचा आणि त्या जागी दगड भरून गाडी पुढं न्यायची, असा हुकूम झाला. भारत नाही म्हणाला. रोशननं आणि त्याच्या पोरांनी त्याला भर दुपारी काट्यावरच टामीनं फोडला. टामी म्हणजे चाक खोलायचा लोखंडी दांडा. डोकं फुटलं, जबडा मोडला, एक डोळा कायमचा गेला. आणि पोलिसांत तक्रार कोणाची, तर रोशनची! आधी भारतनंच टामी उगारली म्हणे, आम्ही फक्त जीव वाचवला. चोर तो चोर, वर शिरजोर. काट्यावरच्या हमालांची दातखीळ बसली ती बसलीच.

त्याहून वाईट म्हणजे भारतला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. पोरगा लहानपणापासून तापट, तांड्यावरची भांडणं त्यानं अंगावर घेतलेली. यवतमाळच्या दवाखान्यात मोडक्या जबड्यातून तो आईला म्हणाला, याडी, मीच उचलली असन. आईनं, जमनीनं, ते ऐकलं आणि तिला घास उतरेना.

म्हणून शीला कामावर आली होती. भाऊ दवाखान्यात आणि बहीण त्याला मारणाऱ्यांची चाकरी करते, असं लोक बोलले. बोलोत. खरं काय ते त्या व्हिडिओत होतं, आणि व्हिडिओ ज्या यंत्रणेत होता ती शीलानं उभी केली होती. पण दारावरच तिचा फोन काढून घेतला, पेन ड्राइव्हची भोकं बंद केली, आणि पाठीमागं रोशनचा एक पोरगा उभा ठेवला.

ती यंत्रणा समजायला घरातली ज्वारी डोळ्यांपुढं आणावी. मागच्या खोलीत डिस्कांचं मोठं कपाट, ती कोठी. सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्रण तिथं साठतं आणि समोरच्या खोलीतली सगळी मशीनं त्या एकाच कोठीतून घेतात. पण दर वेळी कोठीपर्यंत कोण जाणार? म्हणून प्रत्येक मशीनच्या पोटात बोटाएवढी फ्लॅशची पट्टी बसवलेली, तो चुलीजवळचा डबा. मशीननं जे वाचलं त्याची एक प्रत त्या डब्यात राहते. डबा भरला की फार दिवसांत न लागलेलं आधी बाहेर जातं. मोठ्या फाइली डब्यात शिरल्या तर बाकी कशाला जागा उरत नाही, म्हणून शीलानंच त्यांना बंदी घातली होती. रोशनचा व्हिडिओ अडकत होता तो त्यामुळं.

कपिल, कंट्रोल रूमचा सुपरवायझर, हळूच म्हणाला की साहेब, कशाला ठेवता, डिलीट करून टाकतो. कपिल वाईट नव्हता. घाबरट होता, एवढंच.

"डिलीट केलेलं वापस येते," रोशन म्हणाला. "आज दोस्तांले दाखवतो, मंग कपाटच फोडतो. घण आणला हाय गाडीत."

शीलानं चष्मा उचलला. डिलीट केलं असतं तर यंत्रणेनं प्रत्येक मशीनला निरोप धाडला असता, की तुमच्याजवळची प्रत आता टाकून द्या. घण काही निरोप धाडत नाही. कोठी फुटली तरी डब्याला पत्ता लागणार नव्हता. फक्त तो व्हिडिओ आधी डब्यात उतरायला हवा होता, आणि सगळा उतरायला हवा होता.

रोशनला व्हिडिओ सुरळीत पाहिजे होता ना? तिनं मोठ्या फाइलींवरची बंदी उठवली. मशीनच्या मेमरीतला वाटा कमी केला, म्हणजे वाचलेलं तिथं न रेंगाळता लगेच फ्लॅशवर उतरेल. मग म्हणाली, आता अडकणार नाही, फक्त या मशीनवर दुसरं काही लावू नका. रोशननं तिच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. ती चापटीपेक्षा जास्त झोंबली.

दोस्त आले, आलूबोंडे आले. रोशननं नेहमीसारखा व्हिडिओ मधूनच लावला, टामीचा पहिला घाव बसतो तिथून. त्याला त्याच्या आधीचं काही बघायचंच नसे. आणि जे वाचलंच जात नाही ते डब्यात येत नाही.

"सुरुवातीपासून लावा," शीला म्हणाली.

रोशन हसला. "पाह्य, तुह्या भावाचं पाह्य. पोट भरून पाह्य."

तिनं पाहिलं. भारत ट्रकमधून उतरला. रोशननं त्याची कॉलर धरली. भारतनं दोन्ही हात जोडले. टामी रोशनच्या हातात होती. ती खाली आली, भारत गुडघ्यांवर बसला, पुन्हा आली, आणि डोळ्यातून रक्ताची धार लागली. तो आडवा झाल्यावरही पोरं लाथा घालत होती, आणि एकानं त्याच्या हातावर उभं राहून बोटं चिरडली.

"पुन्हा लावा," ती म्हणाली. "सुरुवातीपासून."

एका फेरीत सगळे तुकडे डब्यात उतरतातच असं नाही, हे तिला ठाऊक होतं. पोरगी वेडी झाली, असं दोस्तांना वाटलं. रोशनला तर फारच गंमत वाटली. त्यानं पुन्हा लावला, आणि पुन्हा. दर वेळी भारतनं हात जोडले आणि दर वेळी त्याचा डोळा फुटला. पापणी न हलवता ती बघत राहिली. या माणसाला मी इथंच ठार मारीन, असं तिच्या मनात स्वच्छ आलं, आणि तरी ती खुर्चीला धरून बसली.

मग घण आला. मागच्या खोलीतलं कपाट रोशननं असं फोडलं की पत्रा फाटून त्याच्याच हाताला लागला. त्या रागात त्यानं शीलाच्या खांद्यावर घणाचा दांडा हाणला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. रक्ताळल्या हातानं तो समोरच्या मशीनकडं वळला.

"साहेब, हा नुसता पडदा आहे," कपिल मध्ये येऊन म्हणाला. "दाखवायचं काम करते. फुटला तं काकाजी रागावतीन."

रोशननं घण टाकला आणि हात बांधायला तो पोरांसकट बाहेर गेला. कपिल दारात पाठ करून उभा राहिला. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, हे शीलानं पुढंही कधी विचारलं नाही. तिनं वायर उपटली, एका हातानं मशीनचं झाकण उघडलं, स्क्रू काढला आणि फ्लॅशची पट्टी जेवणाच्या डब्यात भाकरींच्या मध्ये ठेवली. दारावर त्यांनी तिची पर्स उलटी केली. भाकरी कोण उचकटतो?

शीलानं पट्टी पोलिसांत दिली. तिच्यावरचे व्हिडिओचे विखुरलेले तुकडे जोडायला नागपूरच्या प्रयोगशाळेला बरेच दिवस लागले, पण सगळे सापडले. रोशनला उचलला तेव्हा तो कपाट फोडल्याच्याच गोष्टी सांगत होता म्हणे.

शीला खांदा बांधून भारतच्या खाटेशी जाऊन बसली. पोलीस, प्रयोगशाळा, अटक, कशाचंच त्याला पडलं नव्हतं. उरलेल्या एका डोळ्यानं तो तिच्याकडं बघत होता.

"बाई, खरं सांग. म्या पहिले उचलली होती का टामी?"

"नाही, भिया," शीला म्हणाली. "तू हात जोडून उभा होता. मी सुरुवातीपासून पाह्यलं."