बरणीतला नाग

आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत तळमजल्याला एक खोली आहे. तिला मी संग्रहालय म्हणते आणि सेक्रेटरी दिपेश 'शालनबाईंचं भंगार' म्हणतो. मी जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका. आमच्या कॉलेजने प्रयोगशाळा आवरली तेव्हा फेकायला काढलेलं सगळं मी रिक्षात घालून इथे आणलं. पेंढा भरलेलं घुबड, वटवाघळाचा सांगाडा आणि फॉर्मालिनच्या बरणीत फणा काढून बसलेला नाग. रिक्षावाला मला अर्ध्या वाटेतच उतरवणार होता.

दर रविवारी सोसायटीतली पोरं येतात. बंटी, पायल आणि त्यांच्यामागून नाक दाबत येणारी आणखी चार-पाच. त्यांच्यासाठीच मी जगते असं म्हणणार नाही, पण रविवारसाठी मी केस रंगवते, एवढं खरं.

तर या खोलीत जिम करायचं, असं सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरलं. मी घसा बसेपर्यंत भांडले. दिपेश म्हणाला, "बाई, पोरांना मोबाइलवर जिवंत साप दिसतो. मेलेला कशाला बघायचा?" वर म्हणतो, सामान घरी न्या. माझ्या एका खोलीच्या घरात घुबड ठेवलं तर मला जिन्यात झोपावं लागेल. म्हणजे सगळं कचऱ्यातच जाणार होतं, आणि माझे रविवारही.

ठेकेदाराला नेमका नागपंचमीचा दिवस मोकळा मिळाला. मी पोरांना शाळा बुडवून बोलावलं, शेवटचं बघून घ्या म्हणून. "साप दूध पीत नाही," मी बजावत होते, आयुष्यभर बजावत आले तसंच. तेवढ्यात भिंतीवर पहिला घण पडला, आणि पाठोपाठ दिपेशची आई गंगुबाई पूजेचं ताट घेऊन धावत आल्या. ही सगळी जमीन एके काळी त्यांचीच. भात पिकायचा इथे.

"दिप्या! आज नागपंचमी हाय! आज खनाचा नाय, तोराचा नाय. मी सकालपासून सुरी हातान धरली नाय, आन तू घन मारतस?"

"आई, अगं ठेकेदाराला आजच वेळ होता," दिपेश पुटपुटला. बाहेर दंडाच्या बेडक्या काढून फिरणारा हा गडी आईपुढे पार गोरामोरा झाला. मला, देवाशपथ, बरं वाटलं.

मग गंगुबाईंची नजर बरणीवर गेली. त्या थबकल्या. काचेला हळदकुंकू लावलं, पुढ्यात दूध-लाह्यांची वाटी ठेवली, डोक्यावर पदर घेऊन हात जोडले. कामगारांनी घण खाली ठेवला आणि तेही पाया पडले.

"आता ह्यो इथून हलाचा नाय," त्या म्हणाल्या.

"आई, मेलाय तो कधीच! बाईंनाच विचार!"

गंगुबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी शिकल्याल्या. सांगा, देव जिता हाय का मेला?"

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. बंटीने तर वर्गात करतात तसा हात वर केला होता. उत्तर त्याला पाठ होतं, मीच पाठ करून घेतलेलं. खरं बोलले असते तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे डंबेल्स आले असते.

"बंटी," मी म्हटलं, "आधी चपला बाहेर काढ."

जिम गच्चीवर गेलं. खोलीला नवी फरशी बसली, दिपेशने स्वतः उभं राहून बसवून घेतली. बायका येतात, बरणी हळदीने इतकी माखते की फण्यावरचा दहाचा आकडा पोरांना दाखवता येत नाही. कुणी नसताना मी ओल्या फडक्याने पुसते, चोरासारखी. लाज वाटते, खोटं कशाला बोलू? पण घुबड वाचलं याचा आनंद त्या लाजेला पुरून उरतो.

परवाच्या रविवारी पायलने विचारलं, "बाई, साप दूध पितो का?"

दाराशी गंगुबाई वाती वळत बसल्या होत्या.

"चला, आज घुबड बघू," मी म्हटलं.

पोरं घुबडाकडे गेली. पायल तेवढी मागे राहिली, बरणीपुढच्या वाटीत वाकून बघत. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई, सकाळचं दूध तसंच आहे. वर साय आलीय."

शाबास, असं ओठांवर आलं होतं.

"हळू बोल," मी म्हटलं.