नकाशात नसलेली पिवळी वायर

"कोनी लाई व्हई हाई? इकडूनबी सुटेल, तिकडूनबी सुटेल!"

कपाळाला टॉर्च बांधून, गाडीच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून, मला कुणी लावलं असेल म्हणून समाधान कुरकुरत होता. समाधान हा धुळ्याचा मेकॅनिक, जुन्या गाड्यांतला जाणकार. भाजीत केस सापडावा तसं त्याने मला दोन बोटांच्या चिमटीत धरलं होतं. त्याच्या कपाळावरचा प्रकाश माझ्या अंगावर पडला. आठ वर्षांनी माझ्यावर प्रकाश पडला, आणि तोही कुरकुरत.

मित्रांनो, मी एक जुनी वायर आहे. रंग पिवळा, म्हणजे एकेकाळी. आता मी हळदीपेक्षा मातीच्या जवळची दिसते. माझ्या पोटात केसासारख्या बारीक, तांब्याच्या तारा आहेत. मुक्ताईनगरच्या पुढे, केळीच्या बागांमध्ये एक गाव आहे. तिथल्या जीवरामआबांच्या फियाट गाडीत मी राहते. पण मी या गाडीची नाही. गाडीबरोबर कारखान्यातून आलेल्या वायरींचं एक जुडगं असतं, त्यांना काळ्या पट्टीत नीट गुंडाळलेलं असतं. त्यांचा छापील नकाशाही असतो, कोणती कुठून निघाली आणि कुठे पोचली याचा. त्या नकाशात मी नाही. मी पायपुसण्याखालून एकटीच धावते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. मला कळू लागलं तेव्हा मी आबांच्या विहिरीवर, मोटारीच्या खोलीत खुंटीला टांगलेली होते. पंपाचं काम करून उरलेला तुकडा, दीड वाव, म्हणजे नऊएक फूट लांबीचा. समोर भिंतीवर स्टार्टरची पेटी होती. तिच्यावर दिवे होते. माझ्या बहिणी त्या दिव्यांना आणि पंपाला वीज नेऊन देत आणि लांब बागेत केळीच्या मुळाशी पाणी पोचायचं. मी खुंटीवरून हे पाहायची आणि थक्क व्हायची. एवढीशी तार, आणि तिच्या जोरावर एवढी हिरवी बाग! आपल्याला असं काही करायला मिळेल का, एवढाच एक विचार माझ्या मनात असायचा.

आबांची बायको लताबाई. शाळा चौथीपर्यंत, पण स्टार्टरचा फ्यूज गेला तर तीच बांधायची. एकदा आबा लग्नाला पिंपळनेरला गेले, दोन दिवसांसाठी, एसटीने. ते गेल्यावर लताबाईने मला खुंटीवरून काढलं. गावात पंपाच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा वना होता, त्याला बोलावलं आणि गाडीचं दार उघडलं.

"वनाभाऊ, एक बटन इथी, माझ्या सीटखाली. अन् एक लाल दिवा तिथी, यायच्या डोयासमोर. मी बटन दाबलं का दिवा लागला पाहिजे."

"कायले व्हो वहिनी?"

"तू वायर जोड."

वनाने तिच्याकडे पाहिलं. मग दारावरच्या घंटीला असतं तसं पांढरं बटण सीटखाली बसवलं, आणि बटणापासून दिव्यापर्यंत मला ओढलं. जाताना तो एवढंच म्हणाला, "मी कोनाले सांगत नाही, वहिनी."

आबा परत आले. नवा दिवा पाहून त्यांनी भुवया वर केल्या. लताबाईने त्यांच्या समोर उभं राहून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "इंजिन तापलं का हा लागते. लागला का हळू करा, अन् गाडी बाजूले घ्या." आबांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी डिकीत पाण्याचा एक डबा भरून ठेवला.

तेव्हापासून पंधरा वर्षं माझी नोकरी चालली. काम काय ते सांगते. गाडी हायवेला लागली की मागच्या सीटवर लताबाई तिरकी बसायची, मान मागे वळवून. मागून ट्रक आला, त्याने हॉर्न वाजवला, की पदराखालून तिचं बोट बटणावर जायचं. माझ्यातून वीज धावायची आणि आबांसमोर डाळिंबाच्या दाण्याएवढा लाल दिवा लागायचा. आबा गाडी हळू करायचे, बाजूला घ्यायचे. ट्रक निघून जायचा. दिवा विझायचा. असं किती वेळा झालं असेल! दर वेळी मी तितकंच नवल करत राहायची. मागे त्या बाईला ऐकू आलं, आणि पुढे त्या माणसाला दिसलं, आणि मधे फक्त मी. बाजाराला, दवाखान्याला, सोयऱ्यांकडे, मुक्ताईच्या दर्शनाला, सगळीकडे आम्ही असंच गेलो. लताबाईने मागचा रस्ता इतका पाहिला, की पुढचं गाव येताना तिने कधी पाहिलंच नाही.

घरात सगळे आबांशी ओरडून बोलत. पाहुण्यांनी विचारलं तर सांगत, "आमच्या घरात सगळ्यायचाच आवाज मोठा." टीव्हीचा आवाज पार चौकापर्यंत जायचा. आबांनी भलतंच उत्तर दिलं तर सगळे मिळून त्या उत्तराला जुळेल असा प्रश्न पुन्हा विचारत. इतकं सांभाळून घेणारं घर मी दुसरं पाहिलेलं नाही. पण हे सगळं कशामुळे, त्याचं नाव मात्र कुणी घेत नसे.

मग आठ वर्षांपूर्वी लताबाईची मान धरली. मागे वळवेना. नशिराबादजवळ एक ट्रक इतका खेटून गेला की गाडीच्या काचा थरथरल्या. बटण दाबलं गेलं होतं, पण उशिरा. दिवा लागला तेव्हा ट्रक पुढे गेलेला होता. घरी आल्यावर लताबाईने स्वतःच्या हाताने मला दिव्यापासून सोडवलं. बटण काढून घेतलं. माझ्या दोन्ही टोकांना लुगड्याची चिंधी बांधली, जखमेला बांधतात तशी. आबांना म्हणाली, "दिवा बिघडला. इंजिन तापलेलं कयनार नाही. आता गाडी काढाची नाही."

आबांनी एकदा तिच्या मानेकडे बघितलं. मग त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली.

मित्रांनो, काम सुटल्यावर वायरीचं काय होतं ते मी त्या अंधारात शिकले. काहीच होत नाही. ती तिथेच असते. चिंधी कधीतरी उंदराने नेली.

आता आबांचा मुलगा हितेंद्र याची मुलगी भूमिका गाडी शिकली. तिने हट्टाने ताडपत्री काढली आणि समाधानला बोलावलं. त्याने दोन दिवसांत इंजिन सुरू केलं, सीट बाहेर काढून नवी गादी घातली. आणि ओट्यावरून आबांनी जाहीर केलं, "पहिली फेरी माझी. मी अन् तुझी आजी, मुक्ताईनगरले."

सगळ्या घराचे चेहरे उतरले. रस्ता आता चौपदरी झालाय. केळीचे ट्रक वाऱ्यासारखे जातात. आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. पण त्यांना नको कसं म्हणायचं? नको म्हटलं, की काबरं नको, ते सांगावं लागतं.

हितेंद्र गाडीत वाकला आणि हळूच म्हणाला, "समाधानभाऊ, ही कसली वायर?"

"काय मालूम. बठ्ठा नकाशा मोबाईलवर देखा, त्यात हाई नहीच. टेपनी व्हई, नहीतं चोरघंटीनी. हिना बिगर गाडी मस्त चालस. काढी टाकू?"

"नका काढू. आबांना सांगा, हिचा पत्ता लागत नाही तोवर गाडी रस्त्यावर नेणं धोक्याचं आहे."

"खोटं बोलू?"

"खोटं कुठे? पत्ता लागत नाहीच आहे ना?"

"त्यापेक्षा सरळ सांगी टाका ना त्यास्ले."

"काय सरळ?" असं म्हणून हितेंद्र काच पुसायला लागला. काच स्वच्छच होती.

माझ्या मनाची काय अवस्था झाली असेल! ज्या माणसाने गाडी चालवावी म्हणून मी पंधरा वर्षं झिजले, त्यालाच थांबवायला आता माझं निमित्त झालं होतं.

आबा आले. पांढरा सदरा, टोपी, मुठीत किल्ली. भूमिकाने मोबाईलमधला नकाशा त्यांच्यापुढे धरला आणि हातवारे करून ओरडली, "आबा! ही वायर! नकाशात नाही! धोका आहे!"

आबांनी नकाशाकडे पाहिलंच नाही. वाकून मला तळहातावर घेतलं. अंगठ्याने माझ्यावरची धूळ पुसली. इतक्या हळुवारपणे मला कधी कुणी धरलं नव्हतं.

"हिचा पत्ता मले मालूम हाये," ते म्हणाले. मग ओट्याकडे वळले. "अवं, बटन आन."

"कोणतं बटण?" हितेंद्र म्हणाला.

लताबाईने विचारलं नाही. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात ते पांढरं बटण होतं, बोटाने दाबून दाबून मधोमध पिवळं पडलेलं.

"हे हिच्या सीटखाली," आबा सांगू लागले. "तिथून ही वायर, अन् इथी लाल दिवा. ही म्हने, इंजिन तापलं का लागते."

"पन हाई तं इंजिनकडे जातच नही!" समाधान इंजिनकडे बोट दाखवत एकदम ओरडला.

आबांनी त्याच्याकडे बघितलं आणि ते हसले. "नाही जात. पंधरा वर्षं हे इंजिन तापत होतं. अन् नेमका मागून ट्रक आला का तवाच तापे."

भूमिका हसली आणि हसताहसताच थांबली. तिला कळलं होतं.

लताबाईचे ओठ हलले. "तुमाले ठाव होतं?"

आबा कित्येक वर्षं ते ओठ वाचत आले होते. "डिकीतला पान्याचा डबा एकदा तरी रिकामा झाला का?"

"मंग बोलले काबरं नाही?"

"तू काबरं नाही बोलली?"

तिने पदर तोंडाला लावला.

मित्रांनो, कुठे सुटी वायर दिसली तर ओढून तोडू नका. नकाशात नाही म्हणून फेकू नका. ती कुणाकडून निघाली आणि कुणापर्यंत जात होती, एवढं एकदा विचारा. आणि वायरीवर सगळंच सोपवू नका. वायर वीज नेते. बोलायचं काम माणसांचंच असतं.

आबांनी किल्ली भूमिकाच्या हातात ठेवली. "तू चालव. मी मागे बसतो. तुझ्या आजीले पुढे बसव. तिले एकदा पुढचा रस्ता पाहू दे."

"अहो, पन तुमीच..." लताबाई पुढे झाली.

आबांनी हात वर केला. मग सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, आणि त्या सगळ्यांनाच कमी ऐकू येत असावं अशा मोठ्या, स्वच्छ आवाजात म्हणाले,

"मले आयकू येत नाही."